जुन्याचा मान, नव्याला वेळ

सांगलीतील बेदाण्याच्या एका अडत पेढीच्या माडीवर मोती नावाचा लॅब्रॅडॉर गेली दहा वर्षे राहतो आहे. खाली पेढी, मागे गोदाम आणि वर राहते घर, अशी या कुटुंबाची जुन्या वळणाची मांडणी. सकाळी आजोबा गादीवर बसले की मोती जिन्याच्या पायथ्याशी अंग टाकतो. तासगावकडचे शेतकरी, हमाल, दलाल त्याला ओलांडून जातात आणि तो डोळाही उघडत नाही. पेढीचे जुने गिऱ्हाईक आधी मोतीची चौकशी करते आणि मग भावाची.

गेल्या वर्षी पर्युषण आटोपल्यावर थोड्याच दिवसांत या घरात दुसरा जीव आला. दीड वर्षाची, तांबूस रंगाची, अंगाने सडपातळ अशी ती गावठी कुत्री. तिचे बालपण एका कारखान्याच्या फाटकाशी, हातभर साखळीला बांधलेल्या अवस्थेत गेले होते. एका प्राणिसेवी संस्थेने तिची सुटका केली, तिच्यावर उपचार केले आणि तिच्यासाठी घर शोधले. दहावीत शिकणाऱ्या नातवाने हट्ट धरला, आजोबांनी जीवदयेचे काम म्हणून होकार दिला आणि तिच्या चपळाईवरून घरात तिचे नाव पडले बिजली.

पहिल्या दिवशी सर्वांना आनंद झाला. गाडी थेट दाराशी आली, दार उघडले, गळ्यातील पट्टा सोडला गेला. बिजली एका दमात जिना चढून वर गेली, मोतीच्या गादीवरून उडी मारून पलीकडे पोहोचली, त्याच्या भांड्यातील पाणी प्यायली आणि त्याच्या अंगावर पुढचे पाय टाकून उभी राहिली. मोतीने मान वळवली. घरच्यांना वाटले, किती समंजस आहे! चौथ्या दिवशी त्याच मोतीने दात दाखवून झडप घातली. बिजलीच्या कानाला ओरखडा आला. त्यानंतर मोती जिना उतरून पेढीवर येईना आणि त्याचे जेवण निम्म्यावर आले. संध्याकाळी आजी सामायिकाला बसल्या की बिजली बंद दारावर पंजे मारून भुंकत राही.

पाचव्या दिवशी रात्री घरातील कर्त्या मुलाने सर्वांच्या मनातले बोलून दाखवले, ‘हेतू चांगला होता, पण जमत नाही. तिला परत द्यावी हेच बरे.’ नातू काहीच बोलला नाही. आजोबांनी थोड्या वेळाने विचारले, ‘नवा भागीदार पेढीवर घेतला तर पहिल्याच दिवशी तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हाती देतो का आपण? आणि चौथ्या दिवशी हिशेब जुळला नाही म्हणून त्याला घालवून देतो का?’

हा प्रश्न केवळ त्या एका घराचा नाही. आश्रयस्थानातून आणलेली कुत्री काही दिवसांतच परत जातात, त्यांमागे पुष्कळदा हेच कारण असते. घरात आधीपासून एक कुत्रा असतो आणि नव्याचा उत्साह त्याला सोसवत नाही. परत गेलेल्या जिवाचे त्यात दुहेरी नुकसान होते. त्याचे घर दुसऱ्यांदा तुटते आणि ‘हा कोणाजवळ राहत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. वास्तविक दोष बहुधा दोघांपैकी एकाचाही नसतो. तो असतो घाईचा.

ओळख आणि गाठ

दुसऱ्या दिवशी कुटुंब पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी बिजलीला नव्हे, आधी मोतीला तपासले. त्याच्या मागच्या पायांचे सांधे दुखरे होते. वयामुळे आणि वजनामुळे लॅब्रॅडॉर जातीत हे नेहमी आढळते. दुखऱ्या कंबरेवर कोणी झेप घेतली तर माणूसही ओरडतो, मग मोतीची झडप हा त्याच्या स्वभावातील बिघाड कसा मानावा? डॉक्टरांनी वजनानुसार औषध दिले आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत, असे बजावले. त्यांतील कित्येक कुत्र्याच्या जठराला, यकृताला व मूत्रपिंडांना घातक असतात. घरातील वयस्क कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला, तर त्याच्या वागणुकीचा विचार करण्याआधी त्याची प्रकृती पाहावी, हा या भेटीतील पहिला धडा होता.

दुसरा धडा असा, की या दोन कुत्र्यांची अजून ओळख झालेलीच नव्हती. केवळ गाठ पडली होती. आपल्या घरात, आपल्या गादीजवळ, अचानक अवतरलेला अनोळखी कुत्रा हा मोतीच्या लेखी पाहुणा नव्हता, तो घुसखोर होता. तेव्हा झाले गेले बाजूला ठेवून सारे काही पहिल्यापासून सुरू करावे, असे ठरले.

माडीवरची मागची खोली बिजलीला मिळाली. मधल्या दाराला जाळीचे झडप होते, त्यावर चादर टाकली गेली. आठवडाभर दोघांनी एकमेकांना पाहायचे नाही, केवळ वासाने जाणायचे, असा नेम ठरला. कुत्र्याच्या जगात नाक हेच डोळ्यांच्या आधी येते. नातू रोज सकाळी बिजलीच्या अंथरुणावरचे फडके मोतीजवळ आणि मोतीचे बिजलीजवळ ठेवू लागला. पहिल्या दिवशी मोतीने ते हुंगले आणि तो उठून दुसरीकडे गेला. चौथ्या दिवशी तो त्याच फडक्यावर हनुवटी टेकून झोपला. पुढे दोघांची जेवणाची भांडी दाराच्या दोन्ही बाजूंना, पण दारापासून बरीच दूर ठेवली जाऊ लागली. दोघेही निवांत जेवतात असे दिसले, की दुसऱ्या दिवशी ती वीतभर जवळ सरकत. पलीकडचा वास आला की काहीतरी चांगले घडते, एवढेच त्यांना कळायला हवे होते. मग चादर थोडी थोडी वर केली गेली.

समांतर चाल

प्रत्यक्ष भेट घरात न होता कृष्णेकाठच्या मोकळ्या रस्त्यावर झाली. जी जागा दोघांपैकी कोणाच्याच मालकीची नाही, तेथे राखण्यासारखे काही नसते. म्हणून पहिली भेट तटस्थ ठिकाणी व्हावी हे उत्तम. मोतीसोबत कर्ता मुलगा आणि बिजलीसोबत नातू, असे दोघे पंधरा-वीस फुटांचे अंतर राखून एकाच दिशेने चालू लागले. समोरासमोर आणून ‘करा आता दोस्ती’ असे म्हणणे माणसाला स्वाभाविक वाटते, परंतु कुत्र्यांच्या रीतीत अनोळख्याच्या डोळ्यांत डोळे घालून सरळ चालून येणे हे उद्धटपणाचे असते. शेजारून, एकाच दिशेने, मधे अंतर ठेवून चालणे सभ्यपणाचे असते.

या चालण्यात पट्टा ढिला असावा लागतो. हातातील पट्टा ताणला की कुत्र्याची मान वर येते, छाती पुढे येते आणि समोरच्याला ते आव्हान वाटते. बिजलीला गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा लावला होता. ओढ घेतली तरी गळा आवळत नव्हता. तिने मोतीकडे पाहून पुन्हा नातवाकडे पाहिले, की तिला हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा मिळे. तीन-चार दिवसांत अंतर निम्म्यावर आले. सहाव्या दिवशी मोतीने आपण होऊन मागे वळून तिला हुंगले. तीन आकडे मोजावेत एवढ्या वेळाने दोघांना हाक मारून पुढे नेले गेले. भेट लहान ठेवावी आणि ती बिघडण्याआधी संपवावी, यात त्या प्रयोगाचे मर्म होते.

त्यानंतर घरातील भेटी सुरू झाल्या. फिरून आल्यावर मोती आधी आत जाई, बिजली मागून येई. मोतीची गादी, भांडे, चघळायचे खेळणे आधीच उचलून ठेवलेले असे. कुत्र्यांतील पुष्कळशी भांडणे वैरातून होत नाहीत. ती वस्तूवरून होतात आणि वस्तूच समोर नसेल तर भांडणाला निमित्तही उरत नाही. बिजलीच्या पट्ट्याला एक हलकी लांब दोरी लोंबती ठेवली जाई. ती उसळली तर अंगावर धावून न जाता, न ओरडता, दोरी हलकेच धरून तिला बाजूला घेता येई. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, दुसऱ्या दिवशी पंधरा आणि मग पुन्हा आपापल्या खोलीत विश्रांती. रात्री आणि घरात कोणी नसताना दोघे वेगळेच राहत. हा नियम पुढे अडीच महिने पाळला गेला.

धावण्यापेक्षा हुंगणे

बिजलीच्या उत्साहाचे काय करावे, हा घरातील सर्वांत मोठा प्रश्न होता. नातवाने आधी तिला सायकलबरोबर धावडवण्याचा बेत केला. डॉक्टरांनी तो थांबवला. केवळ धावण्याने कुत्रा दमतो खरा, परंतु रोज तेवढेच धावल्याने त्याचा दम वाढतो आणि आठवड्याने त्याला दुप्पट धावावेसे वाटते. शिवाय घरी परतताना तो शांत नसतो, उत्तेजित असतो. जन्मभर हातभर साखळीला बांधलेल्या जिवाला जग हुंगायला मिळालेलेच नव्हते. म्हणून सकाळच्या फेरीत अंतराचा हिशेब सोडून दिला गेला. एका झाडाशी बिजलीला पाच मिनिटे थांबायचे असेल तर नातूही पाच मिनिटे थांबे. अर्ध्या तासाच्या अशा सावकाश, हुंगत हुंगत केलेल्या फेरीनंतर ती घरी येऊन निवांत झोपू लागली.

तिचे जेवणही भांड्यातून न देता तिला शोधायला लावले जाऊ लागले. जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे गुंडाळून ठेवायचे, किराणा मालाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत कागदाचे बोळे घालून त्यांखाली दडवायचे. दहा मिनिटे नाक चालवून मिळवलेले जेवण तिला पोटभर वाटे आणि डोक्यालाही काम मिळे. विश्रांतीकडेही असेच लक्ष दिले गेले. प्रौढ कुत्रा दिवसाचा निम्मा भाग किंवा त्याहून अधिक वेळ झोपेत आणि आरामात घालवतो. गजबजलेल्या पेढीच्या घरात ही झोप मिळाली नाही, तर थकलेल्या लहान मुलासारखाच तो अधिक धुमाकूळ घालतो. दुपारी मागच्या खोलीचे दार लावून, पडदा ओढून बिजलीला झोपू देणे ही शिक्षा नव्हती. ती तिची गरज होती.

आखूड साखळीचे दुष्परिणाम किती खोल असतात, हे या कुटुंबाला तिच्याकडे पाहून कळले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अकारण दीर्घ काळ फार आखूड वा फार जड साखळीने बांधून ठेवणे, तसेच सतत बांधलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे, हे दोन्ही क्रूरतेत मोडते. गोदामाच्या राखणीसाठी कुत्रा ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. राखण करणाऱ्या जिवालाही दिवसातून काही काळ मोकळे पाय हवे असतात.

अठ्ठेचाळीस मिनिटे

आजींचा या साऱ्याला विरोध नव्हता, परंतु त्यांची एकच अट होती. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले की त्या वाळूची घडी उलटी करून सामायिकाला बसत. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत घरात शांतता हवी. नातवाने ही अट शिकवणीचे माप म्हणून स्वीकारली.

आजींच्या खोलीबाहेर, दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात, बिजलीसाठी एक सतरंजी घातली गेली. सतरंजीवर पाय ठेवला की दाणा, बसली की दाणा, हनुवटी जमिनीला टेकली की पुन्हा दाणा. कोणतीही आज्ञा नाही, दटावणी नाही. पहिल्या आठवड्यात ती दोन मिनिटे टिकली आणि मग तिला मागच्या खोलीत चघळण्याचे खेळणे देऊन ठेवले गेले. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटे, मग आठ. ती उठली तर नातू तिला ओढून आणत नसे. ती आपण होऊन परत येईपर्यंत थांबे. दाण्यांमधील अंतर हळूहळू वाढत गेले. शांत राहण्याची सवय बाहेरून लादता येत नाही, ती आतून मुरावी लागते, हे आजींना कोणी सांगावे लागले नाही. एके दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, ‘माझेही मन पहिल्या दिवशी कुठे अठ्ठेचाळीस मिनिटे टिकले होते!’

गुरगुर ऐकावी

या काळात मोतीच्या गुरगुरण्याबद्दल घराचे मत पार बदलले. आधी तो गुरगुरला की कोणीतरी त्याच्यावर ओरडे. पण गुरगुर हा कुत्र्याचा सूचनेचा शब्द आहे. ‘मला त्रास होतो आहे, जरा दूर राहा,’ एवढेच तो सांगत असतो. त्या सूचनेबद्दल शिक्षा मिळत गेली तर तो सूचना देणे थांबवतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. म्हणून मोती गुरगुरला की त्याला न दटावता बिजलीला प्रेमाने बाजूला बोलावले जाऊ लागले. आपले म्हणणे ऐकले जाते असे कळल्यावर मोतीला मोठ्याने बोलण्याची गरज उरली नाही.

गुरगुरीच्या आधीही कुत्रा पुष्कळ काही बोलतो. झोप आलेली नसताना जांभई देणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांच्या कडेने पांढरे दिसेल असे पाहणे, या अवघडलेपणाच्या खुणा आहेत. अंग सैल, चाल नागमोडी, पुढचे पाय टेकून मागचे अंग वर केलेले, ही खेळाची निमंत्रणे आहेत. खेळताना दोघांची पाळी आलटून पालटून खाली-वर होत असेल आणि मधूनमधून दोघे थांबत असतील, तर तो खेळ निकोप असतो. मात्र अंग ताठ, तोंड मिटलेले, नजर रोखलेली आणि हालचाल थांबलेली दिसली, की तत्काळ दोघांना हाक मारून वेगळे करावे. भांडण जुंपलेच, तर मधे हात घालू नये. मोठा आवाज करावा, पाण्याचा मारा करावा किंवा दोघांच्या मधे एखादी फळी अथवा पुठ्ठा सरकवावा.

घरात मुले असतील तर आणखी एक दक्षता घ्यावी. जेवणाऱ्या, झोपलेल्या वा चघळत बसलेल्या कुत्र्याजवळ मुलांनी जाऊ नये, मग तो कितीही मायाळू असो. चावा किंवा दाताचा ओरखडा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. आपलाच कुत्रा आहे म्हणून टाळाटाळ करू नये.

आरोग्य आणि आहार

नव्या कुत्र्याला घरी आणण्यापूर्वी रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांच्या लसींची नोंद पाहावी, जंतांचे औषध व गोचिडांचा बंदोबस्त करावा आणि घरातील आधीच्या कुत्र्याच्याही लसी वेळेवर झाल्या आहेत याची खातरजमा करावी. पहिले दोन आठवडे दोघांना वेगळे ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की एखादा आजार नव्याच्या अंगात दडलेला असेल तर तो या काळात बहुधा उघड होतो. बिजलीच्या कानाला लहानशी खाच होती. निर्बीजीकरण झाल्याची ती खूण.

शाकाहारी घरात कुत्र्याच्या आहाराचा प्रश्न नेहमी विचारला जातो. हजारो वर्षे माणसाच्या संगतीत राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता आलेली आहे. त्यामुळे नीट आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. मांजराचे तसे नाही. परंतु दूध-पोळी म्हणजे संपूर्ण आहार नव्हे. प्रथिने, कॅल्शियम व इतर घटक योग्य प्रमाणात मिळावेत म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने तयार संतुलित शाकाहारी खाद्य निवडावे आणि अधूनमधून रक्ततपासणी करावी. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशींना अपाय करतात. जैन स्वयंपाकघरात ते नसतात, ही कुत्र्याच्या दृष्टीने मोठीच सोय. चॉकलेट मात्र घरोघर असते, तेही तेवढेच वर्ज्य.

या कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका त्यांच्या स्वतःच्या मालाचा होता. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकतात आणि किती खाल्ले असता ती होईल, याचा अंदाज बांधता येत नाही. एका कुत्र्याला मूठभर पचून जातात, तर दुसऱ्याला थोडेसेही भोवतात. दहा वर्षे मोती जिन्याच्या पायथ्याशी पडून राहिला आणि गोदामाकडे फिरकला नाही, म्हणून हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. बिजलीने तिसऱ्याच आठवड्यात नमुन्याच्या पेटीत तोंड घातले. नातवाने ते पाहिले, आजोबांनी समोरचा सौदा तसाच ठेवून गाडी काढायला सांगितली आणि अर्ध्या तासात पशुवैद्यांनी तिला उलटी करवली. दोन दिवस सलाईन लागले. ती बचावली. त्या दिवसापासून जिना आणि पेढी यांच्यामध्ये कमरेएवढे फाटक बसले आणि सांडलेला बेदाणा लगोलग झाडून घेण्याची शिस्त हमालांनीही अंगी बाणवली.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

आश्रयस्थानातून आलेल्या कुत्र्याविषयी एक ढोबळ ठोकताळा सांगितला जातो. पहिले तीन दिवस तो गोंधळलेला असतो, तीन आठवड्यांत घराची घडी ओळखू लागतो आणि हे आपले घर आहे असे वाटायला तीन महिने लागतात. हे गणित प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही. कोणाला दुप्पट वेळही लागतो. वाटही सरळ चढत जात नाही. बिजलीची घडी बसत आली असतानाच दिवाळी आली. पेढीवर वहीपूजन झाले आणि पेठेत फटाके सुरू झाले. ती पलंगाखाली शिरली, दोन दिवस जेवली नाही आणि जवळ आलेल्या मोतीवर दात विचकू लागली. घरच्यांनी पुन्हा मधले दार लावले, चादर टाकली आणि एक आठवडा मागे जाऊन सुरुवात केली. मागे जाणे म्हणजे हरणे नव्हे, हे एव्हाना त्यांना उमगले होते.

सर्वच जोड्या जुळतात असे मात्र नाही. योग्य रीतीने, पुरेसा काळ प्रयत्न करूनही एखाद्या घरात वारंवार रक्त निघेपर्यंत भांडणे होत असतील, किंवा जुना कुत्रा खाणेपिणे सोडून कोपरा धरून बसत असेल, तर जाणकार प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा. त्यानेही भागले नाही, तर संस्थेला सारी हकिकत प्रामाणिकपणे सांगून नव्या जिवासाठी दुसरे, एकट्याचे घर शोधून द्यावे. यात कमीपणा नाही. रस्त्यावर सोडून देणे, किंवा पाचव्या दिवशी कंटाळून परत पाठवणे, हे मात्र निराळे.

दुसऱ्या जिवाला घरी आणणे हे एका दिवसाचे पुण्य आहे, त्याला सामावून घेणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम. आपल्या परंपरेत अभयदानाचे महत्त्व मोठे मानले आहे. या घराने ते वेगळ्या बाजूने अनुभवले. साखळीतून सुटलेल्या बिजलीला अभय हवे होते हे सर्वांना दिसत होते. आपल्याच गादीवर बसलेल्या मोतीलाही ते तितकेच हवे होते, हे ध्यानात यायला वेळ लागला. एकाला अभय देताना दुसऱ्याचे काढून घेतले, तर जमेच्या बाजूला काहीच उरत नाही.

पौषातील एका संध्याकाळी आजी सामायिकाला बसल्या. दिवाणखान्यात मोती आपल्या गादीवर होता. बिजली मागच्या खोलीतून नेहमीच्या वेगाने आली, मोतीच्या गादीच्या कडेशी आली आणि थबकली. मोतीने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिले. ती क्षणभर उभी राहिली, मग गादीला वळसा घालून आपल्या सतरंजीवर गेली आणि अंगाचे वेटोळे करून बसली. नातवाच्या हातातील दाणा हातातच राहिला. वाळूच्या घडीतील शेवटचा कण खाली आल्यावर आजींनी दार उघडले, तेव्हा दोघेही झोपलेले होते. आपापल्या जागी, मधे चार हातांचे अंतर ठेवून.